तुम्ही कुठून आलात? प्रवाशांबरोबर घरी आलेल्या हिवतापाचा इतिहास

१/२६
२ जानेवारी १९६०. उत्तर इटलीतील तोर्तोना या गावच्या रुग्णालयात सकाळी एका चाळीस वर्षांच्या माणसाचा मृत्यू झाला. त्याचे नाव फाउस्तो कॉप्पी. पाच वेळा ‘जिरो द इटालिया’ आणि दोन वेळा ‘तूर द फ्रान्स’ जिंकलेला हा सायकलपटू युद्धोत्तर इटलीच्या गळ्यातील ताईत होता. त्याचा जीव घेतला तो हिवतापाने, म्हणजेच मलेरियाने. या रोगावरचे क्विनाईन हे औषध १८२० पासून हाती होते. मग १९६० साली, युरोपातल्या एका प्रगत देशात, इतक्या प्रसिद्ध माणसाला ते वेळेवर का मिळाले नाही? आजचा धागा या एका प्रश्नाचा आहे.

२/२६
तीन आठवडे मागे जाऊ. डिसेंबर १९५९ मध्ये कॉप्पी आणि काही नामवंत युरोपीय सायकलपटू पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टाला, म्हणजे आजच्या बुर्किना फासोला गेले. राजधानी वागादुगू येथे १३ डिसेंबरला स्थानिक खेळाडूंबरोबर एक प्रदर्शनीय शर्यत झाली आणि त्यानंतर शिकारीचा बेत होता. कॉप्पीबरोबर त्याचा जिवलग मित्र, फ्रान्सचा राफाएल जेमिनियानी होता. ज्या घरात मुक्काम पडला तो भाग डासांनी भरलेला होता, असे जेमिनियानीने पुढे सांगितले. काही दिवसांतच दोघेही विमानाने आपापल्या घरी परतले. परतताना दोघेही ठणठणीत होते.

३/२६
नाताळ उलटला आणि दोघेही जवळजवळ एकाच वेळी आजारी पडले. फ्रान्समध्ये जेमिनियानीचा ताप उतरेना. प्रथम तिथेही रोग ओळखू आला नाही आणि त्याची शुद्ध हरपली. मात्र त्याच्या रक्ताचा नमुना पॅरिसच्या पाश्चर संस्थेकडे पाठवला गेला. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या रक्तपेशींमध्ये प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम हा हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी सापडला. क्विनाईन सुरू झाले आणि मृत्यूच्या दारातून तो माणूस परत आला.

४/२६
आल्प्सच्या पलीकडे, इटलीत, कॉप्पीच्या डॉक्टरांना हा छातीचा, श्वासनलिकेचा विकार वाटला. हिवाळ्याचे दिवस, तीव्र ताप, थकलेले शरीर. त्या गावात त्या ऋतूत तसे वाटणे अगदीच अस्वाभाविक नव्हते. फ्रान्समध्ये काय सापडले हे इटलीला कळवण्याचा प्रयत्न झाला होता, असे जेमिनियानीच्या बाजूने पुढे अनेकदा सांगितले गेले. उपयोग झाला नाही. दोघांचा प्रवास एक, रोग एक आणि आजारपणाचे दिवसही तेच. फरक होता तो काचपट्टीवर घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबाचा.

५/२६
यात एक दारुण विसंगती आहे. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी इटालियन आहे: ‘मल आरिया’, म्हणजे वाईट हवा. रोमभोवतीच्या दलदलींनी शतकानुशतके माणसे खाल्ली. माणसाला होणारा हिवताप ॲनॉफेलिस जातीचे डास पसरवतात, हे १८९८ साली जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी या इटालियन शास्त्रज्ञाने सिद्ध केले. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीचे सरकार मीठ आणि तंबाखूच्या सरकारी दुकानांतून क्विनाईन विकत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीने रोग जवळजवळ हद्दपार झाला. जो देश हिवतापाला सर्वांत जवळून ओळखत होता, तिथेच दहा वर्षांत त्याची आठवण पुसट झाली.

६/२६
म्हणून या इतिहासाला दोन पदर आहेत. पहिला पदर: प्रवाशाला हिवतापापासून वाचवता येते हे माणसाला कसे उमगले? दुसरा पदर: उमगल्यावरही प्रवासी का मरत राहिले? पहिल्या पदरात जहाजे, औषधे, मच्छरदाण्या आहेत. दुसऱ्या पदरात फक्त एक प्रश्न आहे आणि तो कोणी, कोणाला, कोणत्या सुरात विचारला याची कहाणी आहे. आधी पहिला पदर उलगडू. त्यासाठी १८४१ साली, पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीच्या मुखाशी जावे लागेल.

७/२६
त्या वर्षी ब्रिटिश सरकारने ‘अल्बर्ट’, ‘विल्बरफोर्स’ आणि ‘सुदान’ ही तीन वाफेची जहाजे नायजर नदीत धाडली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध स्थानिक राजांशी करार करणे, शेतीची वसाहत उभारणे असे हेतू होते. त्या काळी दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने ताप येतो अशी पक्की समजूत होती. म्हणून जहाजांवर हवा शुद्ध करून आत सोडणारी खास यंत्रणा बसवली होती. इतक्या काळजीने सज्ज केलेली मोहीम त्या काळात क्वचितच निघाली असेल.

८/२६
नदीत शिरल्यावर काही आठवड्यांतच ताप सुरू झाला. मोहिमेवरच्या सुमारे १४५ युरोपियनांपैकी १३० जणांना त्याने गाठले आणि चाळीसहून अधिक मरण पावले. जहाजे रुग्णांनी भरून परत फिरली. चूक होती ती कारणाच्या कल्पनेत. जहाजावरील आफ्रिकी कर्मचाऱ्यांमध्ये मात्र तापाचे प्रमाण फारच कमी होते. लहानपणापासून वारंवार संसर्ग झाल्याने शरीराला काही अंशी प्रतिकारशक्ती येते, हे स्पष्टीकरण त्या वेळी कोणाकडेच नव्हते.

९/२६
तेरा वर्षांनी, १८५४ मध्ये, ‘प्लीअड’ नावाचे जहाज त्याच नदीत शिरले. मोहिमेचे प्रमुख आजारपणात वारल्याने नेतृत्व विल्यम बाल्फोर बेकी या तरुण शल्यचिकित्सकाकडे आले. त्याने एक साधा नियम घातला: ताप येण्याची वाट पाहायची नाही, क्विनाईन आधीपासून रोज घ्यायचे. शेरी नावाच्या मद्यात मिसळून मात्रा दिली जाई. जवळजवळ चार महिने हे जहाज नायजर आणि बेन्वे नद्यांमध्ये फिरले. त्यावरचे बाराही युरोपियन जिवंत परतले.

१०/२६
लक्षात घ्या, १८५४ साली परजीवी कोणाला ठाऊक नव्हता आणि डासावर फारसा कोणाचा संशयही नव्हता. कारण न कळताही प्रतिबंध यशस्वी झाला. प्रवासापूर्वी औषध सुरू करा, प्रवासभर चुकवू नका, हा आजच्या प्रवाशाला दिला जाणारा सल्ला तत्त्वतः बेकीच्या जहाजावरचाच आहे. आज औषधे बदलली आहेत, एवढेच.

११/२६
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबायला हवे. हे औषध कोणाच्या प्रवासाला उपयोगी पडले? युरोपीय सैनिक, व्यापारी आणि अधिकारी आफ्रिकेच्या अंतर्भागात टिकू लागले, त्यामागे क्विनाईनचा वाटा होता. तो किती मोठा होता याबद्दल इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत, पण वाटा होता हे नाकारता येत नाही. हिंदुस्थानातही इंग्रजांनी निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड केली. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून क्विनाईनच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे खेड्यापाड्यांत हेच औषध ‘कोयनेल’ या नावाने पोहोचले.

१२/२६
आता विज्ञानाचा टप्पा, थोडक्यात. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ यांना रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्याची वाढ आढळली. तरीही जुनी ‘वाईट हवा’ लोकांच्या मनातून जाईना. तेव्हा रॉस यांचे मार्गदर्शक पॅट्रिक मॅन्सन यांनी १९०० साली दोन प्रयोग योजले. दोन्ही सामान्य माणसाला सहज समजतील असे होते आणि दोन्हींचा संबंध प्रवासाशी होता.

१३/२६
पहिला प्रयोग रोमजवळच्या दलदलीत झाला. खिडक्या-दारांना जाळी लावलेल्या लाकडी घरात डॉ. साम्बॉन आणि डॉ. लो हे दोघे सहकाऱ्यांसह उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत राहिले. दिवसा ते बाहेर हिंडत, तीच ‘वाईट हवा’ श्वासात घेत. सूर्यास्तापूर्वी मात्र घरात परतत आणि सूर्योदयापर्यंत बाहेर पडत नसत. क्विनाईनची एक मात्राही त्यांनी घेतली नाही. आजूबाजूची माणसे तापाने फणफणत असताना या घरात कोणालाही हिवताप झाला नाही.

१४/२६
दुसरा प्रयोग याच्या नेमका उलट. रोममधील रुग्णांचे रक्त प्यायलेले डास पेटीत घालून लंडनला आणले गेले. लहानपणापासून इंग्लंडमध्येच राहिलेल्या एका तरुणाने त्यांच्याकडून स्वतःला चावून घेतले. हा तरुण म्हणजे मॅन्सन यांचाच मुलगा, पॅट्रिक थर्बर्न मॅन्सन. त्याला ताप आला, रक्तात परजीवी सापडले, क्विनाईनने तो बरा झाला. माणूस घरीच होता. प्रवास केला होता डासांनी. वाईट हवेचा सिद्धान्त इथे संपला.

१५/२६
पण या प्रयोगाचे शेपूट अधिक महत्त्वाचे ठरले. नऊ महिन्यांनी, नवा डास चावलेला नसताना, त्या तरुणाला पुन्हा हिवताप झाला. मधल्या काळात परजीवी होता कुठे? उत्तर मिळायला १९४८ उजाडले. शॉर्ट आणि गार्नहॅम या संशोधकांनी दाखवले की, रक्तात उतरण्यापूर्वी परजीवी यकृतात वाढतो. प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स या जातीचे काही परजीवी तर यकृतात महिनोन् महिने, कधी त्याहूनही अधिक काळ निद्रिस्त राहतात. प्रवास संपला म्हणजे धोका संपला, असे का म्हणता येत नाही, ते इथे कळते.

१६/२६
विसाव्या शतकात सर्वांत मोठ्या संख्येने प्रवास केला तो सैनिकांनी. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधील सॅलोनिकाच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्यातील हिवतापाच्या रुग्णालयभरतीचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेला. तिथून परतलेले सैनिक इंग्लंडच्या केंट परगण्यातील छावण्यांत राहिले. तिथल्या खाडीकाठी ॲनॉफेलिस डास होतेच. १९१७ पासून, कधीही परदेशी न गेलेल्या स्थानिकांना हिवताप होऊ लागला. प्रवाशाचा रोग फक्त प्रवाशापुरता राहत नाही, हे इंग्लंडला तेव्हा दिसले.

१७/२६
कोरियातील युद्धाच्या काळात हेच अमेरिकेत घडले. १९५२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील लेक व्हेरा या तळ्याकाठी मुलींचे शिबिर भरले होते. कोरियाहून परतलेला एक सैनिक त्याच परिसरात मुक्कामाला होता आणि त्याचा दबलेला हिवताप तिथे उलटला. स्थानिक डासांनी त्याला चावून मग इतरांना गाठले. त्या एका माणसापासून ३५ जणांना लागण झाली आणि त्यांत बहुतांश शिबिरातल्या मुली होत्या. काहींना त्याच वर्षी ताप आला, तर अनेकींना थेट पुढच्या वर्षी, शिबिर विसरून गेल्यानंतर.

१८/२६
अमेरिकी लष्कराने यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. १९५१ पासून कोरियाहून मायदेशी निघालेल्या जहाजांवर सैनिकांना रोज १५ मिलिग्रॅम याप्रमाणे चौदा दिवस प्रायमाक्विन दिले जाऊ लागले. हे औषध यकृतातील निद्रिस्त परजीवींना मारते. पॅसिफिक ओलांडायला लागणारा वेळ हाच उपचाराचा वेळ ठरला. मात्र या औषधाच्या चाचण्या इलिनॉयमधील स्टेटव्हिल तुरुंगातील कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन झाल्या होत्या. बंदिवानाची संमती खरोखर मुक्त असू शकते का, हा प्रश्न त्या यशाला कायमचा चिकटला आहे.

१९/२६
‘पॅसिफिक ओलांडायला लागणारा वेळ’ ही गोष्ट ध्यानात ठेवा. कॉप्पीच्या मृत्यूची किल्ली तिथे आहे. फाल्सिपॅरमचा ताप डास चावल्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी येतो. पश्चिम आफ्रिकेतून युरोपला बोटीने यायला सुमारे तेवढाच काळ लागे. म्हणजे ताप बहुधा बोटीवरच यायचा आणि तिथल्या डॉक्टरला तो ओळखीचा असायचा. विमान आले आणि हा मधला काळ नाहीसा झाला. आता प्रवासी निरोगी दिसत घरी पोहोचतो, कामाला लागतो आणि हिवताप कधीच न पाहिलेल्या डॉक्टरसमोर आजारी पडतो.

२०/२६
हे नेमके ओळखले लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकसंस्थेचे प्रमुख ब्रायन मेग्रेथ यांनी. १९६३ साली, कॉप्पीच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. शीर्षक होते दोन लॅटिन शब्दांचे: ‘उंदे वेनिस?’ म्हणजे, ‘तुम्ही कुठून आलात?’ ताप घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. या प्रश्नाला ना यंत्र लागते, ना पैसा. तरीही तो न विचारल्यामुळे माणसे दगावत होती.

२१/२६
पण हाच प्रश्न वेगळ्या सुरातही विचारला जातो. हिंदी महासागरातील मॉरिशसला ऊसमळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. १८६६ ते १८६८ या काळात त्या बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली आणि एकट्या १८६७ मध्ये तीस हजारांहून अधिक माणसे मेली. दोष मजुरांच्या माथी मारला गेला. ‘तुम्ही कुठून आलात?’ हा तेव्हा आरोप होता.

२२/२६
आरोप अपुरा होता. मजूर तीस वर्षांपासून येतच होते आणि त्यांच्यातील काहींच्या रक्तात परजीवी असणारच. साथ पेटायला लागतो तो योग्य जातीचा डास, आणि तो बहुधा जहाजांतूनच त्या काळात बेटावर पोहोचला. मळे, कालवे आणि तोडलेली जंगले यांनी त्याला पैदाशीच्या जागा दिल्या. डास आणणारी जहाजे आणि जंगल तोडणारे मळे मजुरांच्या मालकीचे नव्हते. मेले मात्र तेच मोठ्या संख्येने. १९०७ च्या अखेरीस खुद्द रोनाल्ड रॉस या बेटाची पाहणी करायला गेले.

२३/२६
त्याच मॉरिशसने पुढे हा प्रश्न काळजीचा केला. १९७३ मध्ये बेट हिवतापमुक्त ठरले. १९७५ च्या चक्रीवादळानंतर रोग परतला. त्याला पुन्हा घालवायला १९९० चे दशक संपत आले. त्यानंतरही हिवतापग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रवाशांची विमानतळावर नोंद, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या त्यांच्याकडे फेऱ्या, रक्ततपासणी आणि उपचार ही व्यवस्था तिथे चालू राहिली. प्रवाशाला अडवायचे नाही, पण विसरायचेही नाही. एकाच बेटाच्या इतिहासात एकाच प्रश्नाचे हे दोन सूर आहेत.

२४/२६
आता आपल्याकडे पाहू. नोकरी, व्यापार, जंगलसफारी यांसाठी आज अनेक मराठी माणसे आफ्रिकेत जातात. ‘आपण हिंदुस्थानातले, आपल्याला मलेरियाचे काय’ हा समज मोडीत काढा. अर्धवट प्रतिकारशक्ती फक्त वारंवार संसर्ग होणाऱ्यांना येते आणि तो प्रदेश सोडला की ओसरते. ब्रिटनमध्ये आढळणाऱ्या बाहेरून आलेल्या हिवतापात सर्वांत मोठा गट मूळ गावी नातलगांना भेटून परतणाऱ्यांचाच असतो. आणखी एक गैरसमज: आफ्रिकेसाठी लागणारी पीतज्वराची लस हिवताप टाळत नाही. पुण्याच्या सीरम संस्थेत तयार होणारी हिवतापाची आर-२१ लस रोगग्रस्त प्रदेशातील बालकांसाठी आहे, प्रवाशांसाठी नव्हे.

२५/२६
इतिहासाने शिकवलेले चार नियम.
जाणीव: जिथे जायचे तिथे हिवताप आहे का, हे निघण्यापूर्वी काही आठवडे आधी डॉक्टरकडून जाणून घ्या; गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्याबाबत विशेष.
डास: सूर्यास्त ते सूर्योदय हा धोक्याचा काळ. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, अंगभर कपडे, त्वचेवर डीईईटीयुक्त मलम.
औषध: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सीसायक्लीन किंवा मेफ्लोक्विन यांपैकी कोणते, हे डॉक्टर ठरवतील. परतल्यावरही ते पूर्ण करा: पहिले सात दिवस, उरलेली दोन चार आठवडे. यकृतातून उशिरा उतरणारे परजीवी तेव्हाच मरतात.
निदान: परतल्यानंतर वर्षभरात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. पहिली तपासणी निर्दोष आली तरी ताप असेल तर पुन्हा करा. औषधे नियमित घेतली असली तरीही.

२६/२६
डॉक्टरने विचारले नाही, तर आपणच सांगायचे: ‘मी अमुक देशातून अमुक तारखेला आलो.’ हे परदेशापुरतेही नाही. गडचिरोलीच्या जंगलातून पुण्याला परतलेल्या तरुणालाही हे वाक्य तितकेच लागू आहे. फाउस्तो कॉप्पी चाळीसाव्या वर्षी गेला. राफाएल जेमिनियानी जुलै २०२४ मध्ये वारला, तेव्हा त्याचे वय ९९ होते. वागादुगूच्या त्या प्रवासानंतर तो ६४ वर्षे जगला. कॉप्पीलाही पुढची वर्षे मिळाली असती का, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण रक्ताचा तो एक थेंब तपासायला हवा होता, एवढे नक्की.

धागा इथे संपतो. तुमच्या घरात कोणी परदेशाहून किंवा रानावनातून ताप घेऊन परतल्याच्या जुन्या आठवणी असतील, ‘कोयनेल’च्या कडू चवीच्या गोष्टी असतील, तर खाली जरूर लिहा. असा इतिहास दप्तरखान्यांत फारसा सापडत नाही; तो घरोघरी असतो.